कुंपणावरून ऐकलेलं गुलाबांचं युद्ध

आई पडली त्या दिवशी वाडीत चिकू उतरवणं चालू होतं. ती स्वतः काही उतरवत नव्हती, नुसती देखरेखीला उभी होती. शेवाळावरून पाय सटकला आणि ती पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर आपटली. खुब्याचं हाड मोडलं. बोईसरला ऑपरेशन झालं, हाडात सळई बसली आणि बरेच आठवडे पलंगावरून उठायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मी तिची एकुलती एक मुलगी. बाबा जाऊन काही वर्षं झाली होती. नवऱ्याला आणि मुलीला ठाण्यात ठेवून मी लॅपटॉप उचलला, उमरोळी स्टेशनवर उतरले आणि रिक्षा करून गावी आले. आमचं गाव तिथून समुद्राच्या बाजूला आहे.

माझं काम घरबसल्या होतं. इंग्रजी माहितीपटांचं मी मराठी करते, मग मुंबईत कोणीतरी ते माझं मराठी माइकसमोर बोलतं. या कामात नुसतं भाषांतर करून भागत नाही. इंग्रजी वाक्याला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात मराठी वाक्य संपावं लागतं. म्हणून प्रत्येक वाक्य मोठ्याने म्हणून बघायचं, लांबलं तर छाटायचं, परत म्हणायचं. ठाण्याला मी दार लावून बसते. गावी ते शक्य नव्हतं. आईचा पलंग वाऱ्यासाठी पडवीत टाकला होता आणि तिच्यावर लक्ष ठेवायचं तर मलाही पडवीतच बसायला हवं होतं.

त्या वेळी हातात जे काम होतं ते इंग्लंडमधल्या एका जुन्या यादवीचं होतं. लांबलचक मालिका होती. पहिल्याच दिवशी मी दोन-चार वाक्यं घोळवून म्हणाले, तेव्हा आईने विचारलं, “कसलं युद्ध म्हणालीस?”

“गुलाबांचं.”

“गुलाबांवरून भांडले?”

“नाही गं. राज्यावरून. एका घराण्याची खूण पांढरा गुलाब, दुसऱ्याची लाल.”

“दुश्मन होते?”

“चुलत भाऊ होते.”

आईने पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं. “वाच,” म्हणाली.

तिला वर्तमानपत्र वाचायचा कंटाळा, टीव्हीवरच्या मालिका तिला खोट्या वाटत. पण ही गोष्ट तिने धरली ती सोडलीच नाही. अडचण एकच होती, नावांची. त्या दोन्ही घराण्यांत मिळून चार-पाच नावं, तीच आजोबाला, तीच नातवाला, तीच पुतण्याला. मी स्वतःच गोंधळत होते. आईने सरळ सांगितलं की नावं मला नको सांगू, नातं सांग. मग आम्ही आमची नावं पाडली. ज्या म्हाताऱ्या राजाच्या मुलांवरून पुढचं सगळं झालं तो पाच मुलांचा बाप. त्याच्या तिसऱ्या मुलाचं घराणं लँकेस्टरचं, म्हणजे लाल. ते गादीवर होते. यॉर्कचं घराणं पांढरं. ते म्हणत, आम्ही दुसऱ्या मुलाच्या वंशातले, आमचा हक्क आधीचा. लालांचा जो राजा होता तो पाळण्यात असतानाच राजा झालेला, देवभोळा, आणि पुढे त्याचं डोकं फिरलं. तो आमचा भोळा राजा. त्याची बायको फ्रान्सहून आली होती, वयाने अगदी लहान. ती फ्रान्सवाली.

“वाटणी करून नाय गेला म्हातारा,” पाच मुलांच्या बापाबद्दल आई म्हणाली.

“राज्याची वाटणी होत नाही, आई.”

“मग वाडीची तरी का करतात?”

तिने मान उजवीकडे, कुंपणाकडे वळवली.

आमच्या घराच्या उजव्या अंगाला तारेचं कुंपण आहे, त्याच्या दोन्ही बाजूंनी जास्वंद वाढलेली. पलीकडे काका-काकीचं घर. काका बाबांचे मोठे भाऊ, तेही आता नाहीत. मी लहान होते तेव्हा हे कुंपण नव्हतं. एकच वाडी होती, एकच विहीर आणि रस्त्याकडे जाणारी एकच वाट. आजोबा गेल्यावर वाटणी झाली. विहीर काकांकडे गेली, वाट आमच्याकडे आली. खरं तर ही वाटणी चालली असती, दोघांनी एकमेकांना वापरू दिलं असतं तर. बाबांचं म्हणणं होतं की विहिरीवर दोघांचा हक्क कागदावर लिहावा. वाटणीच्या बैठकीत काकी मधेच बोलली. तिचं ते वाक्य आईने मला पुढे कितीतरी वेळा सांगितलं, प्रत्येक वेळी जसंच्या तसं.

“यांच्याकडं पाणी प्यायला राहणार कोण हाय? पोरगी काय, उद्या लग्न करून जाईल.”

आई तिथून उठली ती परत त्या घरात गेली नाही. बाबांनी बोअर मारली. पाणी लागलं, पण मचूळ. चहा त्याचा बरा होत नाही, डाळ शिजत नाही. तरी आम्ही तेच प्यायलो. बाबांनी वाटेला फाटक लावलं आणि काकांनी शेजाऱ्याच्या वाडीतून वळसा घालून नवी वाट काढली. काका-बाबा पुढे रस्त्यात भेटले की दोन शब्द बोलत. बाबा गेले तेव्हा खांदा द्यायला काका सगळ्यांत आधी आले होते. जावा मात्र बोलल्या नाहीत. काकी त्या दिवशी आली, बायकांत बसली आणि उठून गेली. काका गेले तेव्हा आईनेही तसंच केलं.

तर या कुंपणाला लागूनच काकीचा धुण्याचा दगड आहे, विहिरीजवळ. सकाळी दहाच्या सुमाराला तिचं धुणं चालू होई आणि आपटण्याचा आवाज पडवीत येई. मला त्याचा त्रास होत होता, कारण माझं वाक्य मोजताना मधेच धप् असा आवाज यायचा. काही दिवसांनी लक्षात आलं की त्रास होत नाही आहे. मी वाचायला लागले की दगड गप्प होतो.

आईच्या हे माझ्या आधी लक्षात आलं असणार. एके दिवशी ती हळूच म्हणाली, “जरा बारीक वाच. ती ऐकते.”

मी आवाज खाली आणला. त्या दिवशीचा भाग भोळ्या राजाचं भान गेलं त्याचा होता. तो वर्षभर नुसता बसून राहिला, कोणाला ओळखेना. मधल्या काळात फ्रान्सवालीला मुलगा झाला. तिने ते तान्हं पोर आणून त्याच्यासमोर धरलं, आशीर्वाद द्या म्हणाली, तर त्याने एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी मी वाचायला बसले तर म्हणाली, “जरा मोठ्यानं वाच गं. मला नीट ऐकू येत नाय.”

आईचे कान अजून तिखट आहेत. नारळ पडला तर कोणत्या झाडाचा ते ती आवाजावरून सांगते. मी मोठ्याने वाचलं.

मग आला तो दिवस, ज्याची मला अजून गंमत वाटते. मी आईची औषधं आणायला बोईसरला गेले होते. परत येताना स्टेशनवर चुलत भाऊ भेटला. काकीचा एकुलता एक मुलगा, माझ्याहून मोठा, कुंभवलीला एका कारखान्यात कामाला. आमच्यात भांडण नव्हतं, पण बोलणंही नव्हतं. दिवाळीला मोबाइलवर एक पणतीचं चित्र तो पाठवी, एक मी पाठवी. त्याने आईची चौकशी केली, व्यायाम करते का विचारलं. मग पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणाला, “एक विचारायचं होतं. म्हणजे आईला विचारायचं हाय.”

“काय रे दादा?”

“ती सोमवारी माहेरी गेलेली, दातिवऱ्याला, भाचीच्या साखरपुड्याला. त्या दिवशीचं तिचं राहिलं.”

“काय राहिलं?”

“त्या येड्या राजाचं. तो शुद्धीवर आला काय, असं विचारत होती.”

तो इतका संकोचला होता की मी हसू दाबलं. “आला शुद्धीवर,” मी म्हणाले. “पण तोवर कारभार पांढऱ्यांच्या मोठ्या सरदाराकडे गेला होता. राजा बरा झाल्यावर त्या सरदाराला बाजूला सारलं, आणि तिथून खरी मारामारी सुरू झाली.”

“हे मी नाय सांगू शकत तिला,” तो म्हणाला. “मला दुसरे दहा प्रश्न विचारील. तूच सांग.”

दुसऱ्या दिवशी सकाळी धुण्याचा आवाज आला तशी मी कुंपणापाशी गेले. जास्वंदीतून काकीचं डोकं दिसत होतं, केस सगळे पांढरे झालेले. मी हाक मारली. इतक्या वर्षांनी तिला काकी म्हणताना माझाच आवाज मला परका वाटला.

“दादा म्हणाला, तुझं सोमवारचं राहिलं.”

“त्याला काय कळतंय?” ती कपडे पिळत म्हणाली. “मी काय ऐकत नाय. कानावर पडतं.”

“बरं. मग सांगू की नको?”

“सांगायला काय जातंय तुझं?”

मी सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “त्या बाईचं बरोबर हाय. नवरा असा, पोरगा एवढासा. तिनं नाय लढायचं तर कोणी लढायचं?”

मी परत आले तर आई पलंगावर पाठीशी दोन उशा घेऊन बसली होती. “काय म्हणाली?”

“फ्रान्सवालीचं बरोबर आहे म्हणाली.”

“असं म्हणणारच ती,” आई म्हणाली. “तिला सांग, हक्क पांढऱ्यांचा हाय. गादीवर बसलं म्हणून हक्काचं होतं काय?”

अशी सुरुवात झाली. काही दिवस मी मधे निरोप्यासारखी होते. इकडचं तिकडे, तिकडचं इकडे. मग निरोपाला वेळ लागतो म्हणून की काय, काकी कुंपणापलीकडून स्वतःच बोलायला लागली, पण आईशी नाही, माझ्याशी. “तुझ्या आईला सांग,” असं म्हणून ती जे बोले ते आईला सरळ ऐकू येई. आई पण “सांग तुझ्या काकीला” असं म्हणून उत्तर देई. मी लॅपटॉपवरून मान वर न करता काम करत राही. लालांनी पांढऱ्यांच्या सरदाराला मारून त्याच्या मुंडक्यावर कागदाचा मुकुट ठेवून शहराच्या वेशीवर टांगलं, तेव्हा काकी सुद्धा म्हणाली की एवढं करायला नको होतं. त्याचा थोरला मुलगा उंचापुरा, देखणा, त्याने बर्फात लढाई करून लालांना हरवलं आणि राजा झाला, तेव्हा आई दिवसभर खुशीत होती. बर्फ उलट्या वाऱ्याने लालांच्या डोळ्यांत जात होता, असं मी वाचलं, तर काकी म्हणाली, “वारा काय कोणाच्या बापाचा हाय? तो उद्या तुमच्याकडनं फिरेल.”

“सांग तिला, फिरेल तेव्हा बघू,” आई म्हणाली.

गुलाब का, असं एकदा काकीने विचारलं. मी त्या वेळेपर्यंत पुढचे भाग बघून ठेवले होते. तिला सांगितलं की पांढरा गुलाब त्या घराण्याचा होता, पण लाल गुलाब बराच नंतर पुढे आला, लढाया चालू होत्या तेव्हा तो फारसं कोणी मिरवत नव्हतं. आणि गुलाबांचं युद्ध हे नाव तर फार उशिरा पडलं.

“म्हणजे भांडत होते तेव्हा भांडणाला नावच नव्हतं?” आई म्हणाली.

“नव्हतं.”

“भांडणाला कशाला नाव लागतं?” पलीकडून काकी म्हणाली. त्या वेळी ती ‘तुझ्या आईला सांग’ म्हणायला विसरली. आईनेही ते ध्यानात घेतलं नाही, किंवा घेऊन सोडून दिलं.

मला वाटलं, आता हे असंच हळूहळू सरळ होणार. पण तसं झालं नाही. एका सकाळी हक्काची गोष्ट परत निघाली. पांढऱ्यांचा वंश दुसऱ्या मुलाचा खरा, पण मधे तो एका मुलीवरून आला होता. दुसऱ्या मुलाला मुलगा नव्हता, मुलगीच होती, तिच्या पोटी पुढचे. लालांचं म्हणणं, आमचा वंश सरळ मुलांवरून आलेला. मी हे वाचलं आणि लगेच वाटलं की वाचायला नको होतं.

काकी म्हणाली, “मग झालं तर. पोरीकडनं आलेला हक्क कसला?”

या वेळी आई माझ्यामार्फत बोलली नाही. “तवाही तुमी हेच बोललात, वैनी.”

पलीकडे बादलीची कडी वाजली. पाणी ओतल्याचा आवाज आला. दुपारी मी पाहिलं तर दगडावर कपडे तसेच भिजत पडले होते.

पुढचे बरेच दिवस धुणं घराच्या मागच्या बाजूला होत होतं. मी वाचत होते, आई ऐकत होती, पण तिचं चित्त नव्हतं. व्यायाम करायलाही ती कुरकुर करी. पाय उचल म्हटलं की म्हणे, उचलून कुठे जायचंय. मी काकीकडे जाऊ का, असं एकदा विचारलं. “काय सांगणार जाऊन?” ती म्हणाली. “जे बोलायचं ते मी बोलले. एवढ्या वर्षांनी का होईना, तिच्या तोंडावर बोलले.” ती रागात नव्हती. उलट तिचा चेहरा जरा मोकळा वाटला मला, एखादी गोष्ट ठेवल्या जागी सापडावी तसा.

मधल्या भागांत त्या उंच राजाचं त्याच्याच मित्राशी फाटलं, राजा पळाला, मित्राने भोळ्याला परत गादीवर बसवलं, मग उंच राजा परत आला. फ्रान्सवाली आपल्या मुलाला घेऊन समुद्र ओलांडून आली, पण तिला उशीर झाला होता. शेवटची लढाई एका मठाच्या गावाजवळ झाली. मी तो भाग आदल्या दिवशी संध्याकाळी एकटीने बघून घेतला होता. सकाळी वाचायला बसले, तर पहिल्या दोन-तीन वाक्यांतच आईला पुढचं कळलं.

“तिचा पोरगा जातो का यात?”

“हो.”

“थांब,” आई म्हणाली. तिने हात वर केला, डास हाकलावा तसा. “आज नको वाचू.”

“मला हे परवा पाठवायचं आहे, आई.”

“वाच, पण अशी नको. ती मागं धुणं धूत असली तरी ऐकत असणार. एकच पोरगा हाय तिला. असलं कुंपणावरनं नाय ऐकवायचं कोणाला.” मग म्हणाली, “जा, तिला बोलव.”

“इथे?”

“मग मी चालत जाऊ काय तिकडं?”

मी फाटकातून रस्त्यावर गेले, शेजाऱ्याच्या वाडीतून वळसा घालून काकीच्या मागच्या दारी पोचले. ती वालाच्या शेंगा सोलत होती. आईने बोलावलंय म्हटल्यावर तिने विचारलं, “बरी हाय ना ती?” बरी आहे म्हणाले. ती आत गेली. मला वाटलं, येत नाही. पण ती साडी बदलून आली. माझ्याबरोबर वळशाच्या वाटेने ती चालत होती तेव्हा मला जाणवलं की तिचं चालणं आता आईच्या पडण्याआधीच्या चालण्यापेक्षाही हळू झालंय. वाटेत ती एकच गोष्ट बोलली. “खुर्ची असंल ना? मला खाली बसवत नाय.”

पडवीत आल्यावर तिने इकडे तिकडे पाहिलं. बाबांचा फोटो बघितला. खुर्चीवर बसली. आई म्हणाली, “चहा घ्याल ना, वैनी? पाणी बोअरचं हाय.” काकी म्हणाली, “घेईन की.” मी चहा केला. तो नेहमीसारखाच झाला, जरा खारट चवीचा. काकीने सगळा प्यायला.

मग मी वाचलं. लढाई थोडक्यात होती. फ्रान्सवालीचा मुलगा पळताना मारला गेला, असं एक म्हणतात. पकडून समोर आणून मारला, असं दुसरे म्हणतात. फ्रान्सवालीला बातमी एका मठात कळली. नवरा कैदेत होता, तोही थोड्याच दिवसांत गेला.

“केवढा होता पोरगा?” काकीने विचारलं.

“सतरा.”

“आणि ती?”

“तिला कैदेत ठेवलं काही वर्षं. मग फ्रान्सला परत धाडलं. तिथेच वारली बिचारी, हाती काही उरलं नव्हतं.”

काकी पदराच्या टोकाशी चाळा करत बसली. आई पडायच्या आधी, पावसाळ्यात, दादाच्या कारखान्यात काहीतरी गळती झाली होती आणि त्याला दिवसभर दवाखान्यात ठेवलं होतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. ते तिने त्या दिवशी आईला सांगितलं. फोन आला तेव्हा ती विहिरीवर होती, आणि दवाखान्यात कसं जायचं हे तिला सुचेना. “कुंपणापाशी येऊन उभी राहिले,” ती म्हणाली. “हाक मारणार होते.”

“मग?”

“तू चिकूच्या माणसाशी बोलत होतीस.”

“मारायची होती हाक,” आई म्हणाली. “तो माणूस काय पळून जात नव्हता.”

त्या बैठकीतल्या वाक्याबद्दल काकी काय म्हणेल, याची मी वाट पाहत होते. उठताना ती आईच्या पलंगाला धरून उभी राहिली. “मी बोलले होते ते वंगाळ होतं,” ती म्हणाली. “तुझ्या पोरीला काय कमी हाय? माझा पोरगा मला पाणी देतो खरं, पण असं बसून वाचून कोण दाखवतंय?”

आईने तिचा हात धरला नाही, डोळ्यांतून पाणी काढलं नाही. “उद्या या,” म्हणाली. “पुढं दोन लहान भावांचं हाय. ही म्हणते, फार वाईट हाय.”

काकी रोज यायला लागली. उंच राजा मेल्यावर त्याच्या धाकट्या भावाने गादी घेतली, राजाची दोन पोरं किल्ल्यात ठेवली आणि ती पुन्हा कोणाला दिसली नाहीत, हे मी वाचलं तेव्हा दोघी एकाच बाजूच्या झाल्या. पोरांना त्यांच्या त्या काकाने मारलं की आणि कोणी, यावर त्यांनी दोन दिवस वाद घातला, आणि त्यांच्या आईने काय करायला हवं होतं, यावर तिसरा. शेवटचा भाग आला तेव्हा लालांकडून दूरचा एक तरुण जिंकला. त्याचा लालांशी संबंध आईकडून, आणि तो झाला तेव्हा ती आई स्वतः तेरा वर्षांची पोर होती. त्याने पांढऱ्यांच्या मुलीशी, त्या उंच राजाच्याच लेकीशी, लग्न केलं आणि दोन्ही गुलाब एकात बसवले.

आई हसायलाच लागली. “ऐकलंत काय, वैनी? याचा हक्क आईकडनं, आणि भांडण मिटलं ते पोरीकडनं.”

“ऐकलं बाय,” काकी म्हणाली. “जिंकलीस.”

“पण त्या पोरीला कोणी विचारलं असंल काय?” थोड्या वेळाने आईच म्हणाली. “तिचे दोन भाऊ गेलेले.” मालिकेत त्या पोरीचं म्हणणं कुठेच नव्हतं.

या सगळ्यातून बाकीचं काय झालं, तर फार नाही. विहिरीचं पाणी काकीने देऊ केलं. आईने आधी नको म्हटलं, सवय झालीय म्हणाली. मग पिण्यापुरता एक हंडा घेऊ लागली. दादाने कुंपणात माणूस जाईल एवढी फट पाडली आणि तिथे लाकडी झडप बसवली, कारण नाहीतर शेळ्या शिरतात. सातबारा होता तसाच आहे. दादा आणि मी अजूनही पणतीचीच चित्रं पाठवतो, फक्त आता मधे कधी कधी त्याच्या फोनवरून काकी बोलते.

आई वॉकर धरून उभी राहिली, मग काठीवर आली. मी ठाण्याला परतले. माझ्याकडे नंतर ज्वालामुखींवरची मालिका आली. फोनवर त्यातलं थोडं ऐकवलं, तर दोघींनाही आवडलं नाही. कोणाचं कोणाशी नातं नाही त्यात, असं काकीचं म्हणणं पडलं.

मागच्या महिन्यात मी न कळवता गेले. दुपारची वेळ होती. पडवीत कोणी नव्हतं. झडपेतून पलीकडे गेले तर त्या दोघी काकीच्या ओट्यावर बसल्या होत्या, आई खुर्चीवर, काठी भिंतीला टेकवलेली. गावात कोणाचं तरी लग्न मोडलं होतं आणि चूक मुलीकडच्यांची की मुलाकडच्यांची, यावर जोरात चाललं होतं. मला बघून आई म्हणाली, “आलीस? बस.” काकीने पाय जरा आवरून घेतले आणि मला ओट्यावर जागा केली. मग त्या पुन्हा त्यांच्या लग्नाकडे वळल्या, आणि मी ऐकत बसले.